टपालबाईंची झाकली मूठ

आमच्या थोरल्या जाऊबाईंना चालता येत नाही. पाय ठणठणीत आहेत, पण लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मी त्यांना कधी चालताना पाहिलेलं नाही. त्या पळतात. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत पळत, तिथून फाट्यावर सायकलने, आणि परत आल्या की सायकल भिंतीला नीट टेकायच्या आधीच पुन्हा पळत. सायकल बिचारी मागे आपली आपण पडते. गाव त्यांना टपालबाई म्हणतं, मी ताई म्हणते आणि आमचे हे त्यांना 'वावटळ' म्हणतात. अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची त्यांची छाती नाही.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे गावाचं पोस्ट. गज बसवलेली एक खिडकी, एक वजनकाटा, गोंदाची बाटली, शाईची गादी आणि शिक्का. आधी सासरे पोस्ट सांभाळायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा नवी सून म्हणजे ताई पत्ते वाचून दाखवायच्या आणि ते शिक्का मारायचे. पुढे ते गेले. परीक्षा देऊन ताईंनी रीतसर नेमणूक मिळवली, आणि शिक्का त्यांच्या हाती आला. तो त्या असा हाणतात की शेजारच्या खोलीत माझ्या शिवणयंत्रावरची सुई उडते. दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या त्यापायी वाकड्या गेल्या आहेत. मी तक्रार केली की म्हणतात, "अगं, गावाला कळायला नको का टपाल आलं ते?"

गाव लहान आहे. उंबरे शंभराच्या आत आणि त्यातल्या कितीतरी दारांना कुलपं. तरणी माणसं कामाला बाहेरगावी, म्हातारी माणसं ओट्यांवर. गावाची कमाई दोन वाटांनी येते, एक जमिनीतून आणि दुसरी आमच्या खिडकीतून. जमिनीचा भरवसा नाही. खिडकीतून मात्र मुलांच्या मनीऑर्डरी येतात, पेन्शनी येतात, दम्याच्या औषधांची पार्सलं येतात. पोस्ट नसतं तर यासाठी बाजारगावाला जावं लागलं असतं, दोन बसा बदलून, आणि गुडघे धरून बसची पायरी चढणारी माणसं आमच्या गावात फार आहेत.

ताईंच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही. कुणाची गाय व्याली, कुणाच्या सुनेने माहेरचा रस्ता धरला, कुणी कुणाच्या बांधावरचं झाड तोडलं, सगळं आम्हाला जेवणाच्या आधी कळतं. पण टपालाचं नाव काढलं की बाईंच्या तोंडाला कुलूप. कुणाला किती पैसे येतात, कुणाला येत नाहीत, हे सगळ्या गावात त्यांनाच ठाऊक. मी एका घरात राहते, एका ताटातली भाकरी मोडते, त्यांचे ब्लाउज फुकट शिवते, तरी मला एक अक्षर सांगतील तर शपथ. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते," म्हणायच्या. "माझ्या हातात अख्ख्या गावाच्या मुठी आहेत. एक उघडली तर बाकीच्या कोण विश्वासाने माझ्या हातात देईल?" मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

तर एके दिवशी मोठ्या पोस्टातून पत्र आलं की सरकारी कारकून येत आहेत, ते गावातली माणसं मोजतील, घराघराची मिळकत लिहून घेतील, तरी बसायची व्यवस्था करावी. एवढंच. कशासाठी ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण ताईंना कारणाची गरज कधी पडली आहे? त्यांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं की आता पोस्टाला नवा काटा मिळणार, कदाचित नवी सायकलसुद्धा. दोन दिवस त्यांनी ओटा घासला. आमच्या ह्यांच्याकडून खिडकीच्या गजांना रंग काढून घेतला. आणि घरोघरी पळत जाऊन बजावून आल्या, "नीट कपडे घालून या. मोठ्या ठिकाणचा माणूस येतोय. गावाची शोभा जाऊ देऊ नका."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कारकून सकाळच्या बसने आले. साधा, घामाघूम झालेला माणूस, एक बूट चावत होता म्हणून लंगडत चालणारा. ताई त्यांना ओट्यावर बसवून, पाणी देऊन, टपालाची थैली आणायला फाट्यावर गेल्या. बस थैली न उतरवताच पुढे गेली होती, ती परतीच्या गाडीने यायची होती, म्हणून त्यांना उशीर झाला. आणि तेवढ्यात आमच्या गावाने जे करायचं ते करून ठेवलं.

झालं काय, की कारकून एकेकाला आत बोलवायचं सोडून ओट्यावरच बसले. आणि ओट्यावर, पायऱ्यांवर, समोरच्या पारावर अख्खं गाव. इस्त्रीचे कपडे, तेल लावलेले केस. पहिला नंबर मिशाकाकांचा. यांची शेती बरी आहे, मिशी त्याहून बरी आहे.

"घरात माणसं किती?" कारकुनांनी विचारलं.

"पाच."

"महिन्याची मिळकत?"

मिशाकाकांनी मागे वळून गावाकडे पाहिलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "लिहा वीस हजार."

पारावर हलकीशी कुजबुज झाली. मग बसले सुतारदादा. मिशाकाकांचं आणि त्यांचं बांधावरून गेली कित्येक वर्षं बोलणं नाही. ते म्हणाले, "बावीस." मग गिरणीवाला म्हणाला, "पंचवीस, वर पिठाचं वेगळं." लिलावात भांडी चढावीत तशी बोली चढू लागली. शेजाऱ्याच्या देखत कमी कोण सांगणार? ज्या घरातून आदल्या दिवशी माझ्याकडे साखर मागायला आले होते, त्यांनी स्वतःला ट्रॅक्टर लावून घेतला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण ऐकत आलो. आमच्या गावाने तेही आणून दाखवलं.

आमच्या ह्यांची पाळी आली तेव्हा मी मागून सदरा ओढला. काही उपयोग झाला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. "बायकोचं शिवणकाम मोठं आहे," हे म्हणाले. "चार बायका हाताखाली आहेत." माझ्या हाताखाली आजवर एक मांजर तेवढी बसलेली आहे.

शेवटी बसल्या बोटआजी. आजींचा मुलगा बोटीवर कामाला आहे, म्हणून हे नाव. घरात आजी एकट्या, चार शेळ्या पाळतात आणि दूध घालतात. पण दर महिन्याला ठेवणीतले कपडे घालून त्या आमच्या खिडकीशी येतात, मनीऑर्डर मोजून घेतात, आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पोरगा विसरत नाही हो." आम्ही सगळ्या मनात जळायचो. गावातली बाकीची पोरं एक महिना पाठवत, दोन महिने विसरत.

"माणसं दोन," आजी म्हणाल्या. "मी आणि मुलगा. तो बोटीवर असतो. भरपूर पाठवतो. लिहा हवं तेवढं."

कारकुनांनी लिहिलं आणि बेरीज मांडायला घेतली. इतक्यात ताई आल्या. सायकल पडली, ताई थैली घेऊन पायऱ्या चढल्या. कारकुनांनी हसून त्यांना सांगितलं, "बाई, गाव फारच सुखवस्तू आहे हो तुमचं. मला वाटलं नव्हतं."

ताईंनी कागदावर नजर टाकली. मी त्यांचा चेहरा पाहत होते. आधी ओठ हलले, मग भुवया वर गेल्या, मग त्यांनी एकदा सगळ्या गावाकडे पाहिलं आणि गाव आकाशाकडे बघू लागलं.

"मग आता काय होणार?" त्यांनी विचारलं.

"होणार काय," कारकून म्हणाले. "लहान गावातलं पोस्ट तोट्यातच चालतं. जिथे लोकांना दुसरी सोय परवडत नाही, तिथेच ते ठेवायचं असं ठरलंय. इथे तर घरोघरी गाड्या दिसतायत. हे पोस्ट बंद होईल, महिनाअखेरीस. टपाल बाजारगावाला जाऊन घ्यायचं. तुम्ही काळजी करू नका बाई, तुमच्या जागेचं काहीतरी बघतील."

ताई खाली बसल्या. ताई बसल्या हेच मी पहिल्यांदा पाहत होते, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

मग एकदम सगळे बोलायला लागले. साहेब, थोडं इकडेतिकडे झालं असेल. साहेब, पुन्हा एकदा मोजा. कारकून चांगला माणूस, पण गांगरला. म्हणाला, "अहो, मी मनाने आकडे बदलू शकत नाही. ज्याचं त्याने स्वतः येऊन खरं सांगायचं, आणि गावातल्या दोन साक्षीदारांनी ते ऐकून सही करायची. संध्याकाळच्या बसने मी जाणार. तोवर काय ते करा."

दोन साक्षीदार. म्हणजे खरं सांगायचं, तेही शेजाऱ्यासमोर. ओट्यावरची गर्दी हळूहळू विरघळली. ज्याला त्याला घरी कामं आठवली.

पण पुढल्या दाराने गेलेलं गाव मागल्या दाराने परत आलं. सुतारदादा आले, गिरणीवाला आला, मिशाकाका तर परसातल्या भिंतीवरून उडी मारून आले. प्रत्येकाचं म्हणणं एकच. "टपालबाई, तुम्हाला माहीतच आहे माझं. तुम्हीच सांगून टाका की त्यांना. म्हणजे आमच्या तोंडून नको."

मीही म्हणाले, "ताई, सांगा ना. पोस्ट तुमचं, नोकरी तुमची. एवढं सगळं पोटात ठेवून काय लोणचं घालायचंय?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"अहो, ते स्वतः सांगतायत सांगा म्हणून."

"इथे, चुलीपाशी सांगतायत. तिथे मी बोलले की उद्या म्हणतील टपालबाईने आमची अब्रू काढली. मी कुणाचं काही सांगणार नाही. पोस्ट जातंय तर जाऊ दे." असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज कणखर होता. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. चहा टाकला.

खुद्द कारकुनांनीही विचारून पाहिलं. "बाई, पैसे तर तुमच्याच हातून जातात. तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणा."

"साहेब," ताई म्हणाल्या, "तुमची बायको तुम्हाला पत्र लिहिते ते पोस्टातल्या बाईने चारचौघांत सांगितलेलं चालेल का तुम्हाला?"

कारकुनांनी कागद बाजूला ठेवले. चहा प्यायले, बूट काढून बसले.

उन्हं कलली. पारावर सगळे परत जमले होते, कारण घरी कुणाचंच मन लागेना. सुतारदादा मिशाकाकांकडे बघत होते, मिशाकाका सुतारदादांकडे. आधी तू, आधी तू. आमचे हे खांबाला टेकून नखं खात होते. तेवढ्यात समोरच्या बोळातून बोटआजी आल्या. सकाळचे ठेवणीतले कपडे बदलून, शेळ्यांपाशी घालायच्या जुन्या कपड्यांत. सरळ ओट्यावर चढल्या आणि कारकुनांसमोर बसल्या.

"साक्षीदार दोनच लागतात का?" त्यांनी विचारलं.

"हो आजी. दोन पुरे."

"मग हे सगळेच ऐकू द्या." त्या वळल्या. "ऐका रे. मुलगा पैसे पाठवत नाही. किती वर्षं झाली, एक ओळ नाही. बोटीवर आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही. दर महिन्याला मनीऑर्डर येते ती मीच मला पाठवते. दुधाचे पैसे साठवते आणि पाठवते. लिहा साहेब, चार शेळ्या. बाकी काही नाही."

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट लख्ख होत गेली. रोज सकाळी आजी मागल्या दाराशी दूध घालायला यायच्या, आणि महिन्यातून एकदा तांब्याभर दूध घ्यायला ताईंना अर्धा तास लागायचा. मी ओरडायची, दूध नासेल म्हणून. ते पैसे ताई भरून घ्यायच्या, पाठवणाऱ्याच्या जागी आजींचं नाव, घेणाऱ्याच्याही जागी आजींचंच, थैलीतून ते मोठ्या पोस्टात जायचे आणि तिथून उलटे यायचे. वर त्याची फी. एका माणसाचे पैसे त्याच माणसाकडे पोचवण्यासाठी एवढी धावाधाव, आणि ताईंनी मला वर्षानुवर्षं कळू दिलं नाही.

कारकुनांनी ताईंकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

"मी काही सांगणार नाही," ताई सवयीने म्हणाल्या.

"अगं पोरी, आता तरी सांग," आजी वैतागल्या. "मीच सांगतेय ना तुला."

"खरं आहे," ताई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मिशाकाका उठले. माझी खात्री होती, काहीतरी कुजकं बोलणार. ते ओट्यावर आले, आजींच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली आणि तिथेच खाली बसले. "माझं पण लिहा. वीस नाही. सहा. तेही बऱ्या वर्षी." आणि मग म्हणाले, "साक्षीला सुतार चालेल."

पारावरून सुतारदादा आले. दोघांत अजून बोलणं नाही, पण सही झाली. दोन्ही कागदांवर दुसरी सही आमच्या ह्यांनी ठोकली. मग सुतारदादांचं मिशाकाकांनी ऐकलं. आणि मग बांध फुटला. जो तो ओट्याकडे. कारकुनांची लिहिता लिहिता पळता भुई थोडी झाली. ताई डोळे पुसून उठल्या आणि पळू लागल्या, कागद दे, शाई दे, साक्षीदार दे. "ओळ करा, ओळ. गिरणीवाले, तुमचा ट्रॅक्टर आधी खोडा." ट्रॅक्टर गिरणीवाल्याने लावलाच नव्हता, पण त्या गोंधळात त्यानेही तो खोडला.

आमच्या गावाला मधलं काही जमत नाही. सकाळी बोली वर चढत होती, आता खाली घसरायला लागली. एकाने तीन हजार सांगितले की दुसरा दोन. कुणीतरी तर आपल्याला दोन वेळचं मिळत नाही म्हणाला, आणि म्हणताना ढेकर दिला. ताई काही बोलल्या नाहीत. हातातला शिक्का तेवढा त्यांनी जोरात गादीवर आपटला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बरं, दोन गायी आहेत," तो म्हणाला. "तिसरी गाभण आहे."

आमच्या ह्यांनी माझ्या हाताखालच्या चार बायका कमी केल्या. मांजर मी स्वतःहून सांगितली. कारकून पहिल्यांदाच मोकळे हसले.

लांबून बसचा आवाज आला तेव्हा कारकून बेरीज करत होते. त्यांनी एकदा केली, खात्री करायला पुन्हा केली आणि मान वर केली. "बसतंय. तुम्ही सगळे चांगलेच गरीब आहात. पोस्ट राहील."

गरीब म्हटल्यावर इतका आनंद झालेलं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही. मिशाकाकांनी सुतारदादांच्या पाठीत थाप मारली आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन हात मागे घेतला. आमचे हे ताईंना समोरासमोर म्हणाले, "वहिनी, वावटळ आहात तुम्ही," आणि ताईंना ते आवडलं.

"थांबा," कारकून कागद गोळा करता करता म्हणाले. "एक राहिलंय. आजी, मिळकत दुरुस्त केली, पण माणसं अजून दोनच लिहिलेली आहेत. ज्याचं टपाल इथे येतं त्याला या गावातला धरायचा, असा नियम आहे. मुलाचं काही येतं का? नाहीतर नाव खोडावं लागेल."

सकाळपासून कुणापुढे मान खाली न घातलेल्या आजी जमिनीकडे बघत राहिल्या. फाट्यावर बसने हॉर्न दिला. कारकुनांनी ताईंकडे पाहिलं, आणि सगळ्या गावाला माहीत होतं त्या काय म्हणणार.

"त्याचं टपाल याच पत्त्यावर यायचं आहे," ताई म्हणाल्या.

"यायचं आहे? म्हणजे अजून आलेलं नाही."

"साहेब," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी कारकुनांचं पेन वरच्या वर धरलं. "त्यालाच खोडायचं असतं, तर मी आज गावापुढे तोंड कशाला उघडलं असतं? पोस्ट बंद झालं, तर त्याचं पत्र यायचं कुठे?"

कारकुनांनी त्यांच्या बोटांतून पेन हळूच सोडवून घेतलं आणि टोपण लावून खिशात ठेवलं. दोनचा आकडा तसाच राहिला. मग ताईंनी पडलेली सायकल उचलली, कारकुनांना मागे कॅरियरवर बसवलं, आणि बस गाठायला निघाल्या.